सॅव्हेज ९९ पुन्हा बनवावी काय?

बंद पडलेली एखादी वस्तू पुन्हा बाजारात आणावी अशी मागणी होते, तेव्हा ती मागणी नेमकी कशाची आहे हे आधी ठरवावे लागते. कारण वस्तूचे नाव, तिचे रूप, तिचे काम आणि ती घडवण्याची रीत या गोष्टी उत्पादन चालू असताना एकत्र नांदत असल्या, तरी उत्पादन थांबल्यावर त्या एकमेकींपासून सुटतात, आणि परत येते ती बहुधा त्यांपैकी एखादीच. अमेरिकेतील सॅव्हेज आर्म्स या कंपनीने जवळजवळ शंभर वर्षे बनवलेली ‘मॉडेल ९९’ ही शिकारी रायफल या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. ती १८९९ मध्ये बाजारात आली, दहा लाखांहून अधिक संख्येने बनली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. तिच्या पुनरागमनाची मागणी तेव्हापासून अमेरिकी शिकाऱ्यांत अधूनमधून उठत असते. मात्र तिच्या जातीच्या इतर रायफली अलीकडे नव्याने खपू लागल्यामुळे आता त्या मागणीला केवळ हळहळीचे नव्हे, तर व्यापारी हिशेबाचेही स्वरूप आले आहे. त्यामुळे तिची दखल हिशेबानेच घेतली पाहिजे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय आठवणींच्या पुस्तकांपुरता आणि न्यायालयांपुरता उरला असल्याने, मराठी वाचकाला येथे एक संदर्भ लक्षात ठेवावा लागेल. अमेरिकेत शिकार कायदेशीर आहे. प्रत्येक राज्य तिचा हंगाम, परवाना आणि मारता येणाऱ्या जनावरांची संख्या ठरवते, आणि रायफली, बंदुका व काडतुसे यांच्यावरील ११ टक्के केंद्रीय कर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार वन्यजीव संवर्धनाच्या कामी राज्यांना वाटला जातो. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, व्हर्मॉन्ट, मेन या ईशान्येकडील राज्यांच्या दाट रानांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार हा शरद ऋतूतील जवळजवळ कौटुंबिक उद्योग आहे, आणि मॉडेल ९९ ही मुख्यतः त्या रानांतील रायफल होय.

तिचे वेगळेपण समजण्यासाठी ती ज्या जातीत मोडते त्या जातीची मर्यादा समजून घ्यावी लागते. लीव्हर-अ‍ॅक्शन रायफलीत चापाभोवतीची कडी खाली ओढून पुन्हा वर घेतली, की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे काडतूस नळीत चढते. विंचेस्टर आणि मार्लिन या कंपन्यांच्या रायफलींनी ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी पोहोचवली. या रायफलींत काडतुसांचा साठा, म्हणजे मॅगझिन, नळीखालच्या दुसऱ्या एका लांब नळीत असे आणि त्यात काडतुसे एकामागे एक ओळीने बसत. मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागाला, टेकत असे. त्यामुळे गोळी टोकदार असली तर रायफलीच्या धक्क्याने मॅगझिनमध्येच स्फोट होण्याचा धोका होता. म्हणून या रायफलींना चपट्या किंवा बोथट तोंडाच्या गोळ्या वापराव्या लागत, आणि अशा गोळीचा वेग हवेच्या अवरोधाने लवकर घटत असल्याने तिचा पल्ला आखूड राही. धूररहित दारू आल्यावर गोळीचा वेग वाढवणे शक्य झाले, तरी या नळीमुळे त्या वेगाचा पुरता उपयोग होत नव्हता.

या कोंडीतून मार्ग काढणारा आर्थर सॅव्हेज हा १८५७ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे जन्मलेला, ऑस्ट्रेलियात काही वर्षे काढलेला आणि रायफलींखेरीज मोटारींच्या टायरांवरही पुढे काम केलेला उद्योगी गृहस्थ होता. त्याची रायफल १८९२ च्या लष्करी चाचण्यांत उतरली, पण अमेरिकी सैन्याने क्राग-यॉर्गेनसन ही दुसरी रायफल पसंत केली. तेव्हा त्याने आपल्या रचनेला शिकारीकडे वळवले आणि न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे कंपनी काढली. त्याच्या मॅगझिनमध्ये रायफलीच्या पोटात फिरणारी एक पितळी फिरकी होती. रहाटाच्या माळेत पोहरे बसावेत तशी काडतुसे तिच्या खाचांत वेगवेगळी बसत आणि कडी ओढली की एकेक वर येई, त्यामुळे एका गोळीचे टोक दुसऱ्या काडतुसाला लागण्याचा प्रश्नच उरत नसे. घोडा, म्हणजे मागे उभा राहणारा हातोडा, बाहेर दिसत नसे; सारी यंत्रणा बंदिस्त असल्याने काट्याकुट्यात अडकण्यासारखे काही उरले नव्हते. डाव्या बाजूच्या लहानशा झरोक्यात शिल्लक काडतुसांचा आकडा दिसे. कडी मिटली की बोल्टाची, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या तुकड्याची, मागची बाजू वर उचलली जाऊन चौकटीच्या, म्हणजे रिसीव्हरच्या, भरीव मागील भिंतीला टेकत असल्याने ही रचना जुन्या लीव्हर-रायफलींपेक्षा कितीतरी अधिक दाब सोसू शकत होती.

या बळकटीमुळे ९९ काडतुसांच्या इतिहासातही शिरली. तिचे पहिले काडतूस .३०३ सॅव्हेज होते. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेल्या ‘थ्री नॉट थ्री’शी त्याचा आकड्यापलीकडे काही संबंध नाही. १९१५ मध्ये चार्ल्स न्यूटन याने आखलेले .२५०-३००० हे काडतूस आले. न्यूटनला अधिक जड गोळी हवी होती, पण सेकंदाला ३००० फूट हा वेग जाहिरातीत छापता यावा म्हणून कंपनीने ८७ ग्रेनची, म्हणजे साडेपाच ग्रॅमहून थोडी अधिक वजनाची, हलकी गोळी निवडली. काडतुसाच्या नावातच वेगाचा आकडा घालण्याची ही शक्कल शुद्ध बाजारू होती, हे ९९ च्या भक्तांना आठवून द्यायला हरकत नाही. १९२० चे .३०० सॅव्हेज मात्र खरोखर महत्त्वाचे ठरले, कारण पुढे अमेरिकी सैन्याने आखूड काडतुसाचे जे प्रयोग केले आणि ज्यांतून ७.६२ मिलिमीटरचे नाटो काडतूस निघाले, त्यांची सुरुवात याच काडतुसाच्या पितळी कवचापासून झाली होती. चीनच्या फुजियान प्रांतात हॅरी काल्डवेल या अमेरिकी मिशनऱ्याने .२२ हाय-पॉवर या ९९ च्याच काडतुसातील ७० ग्रेनच्या चिमुकल्या गोळीने वाघ मारल्याचेही नमूद आहे. रायफलीच्या कीर्तीत त्याने भर पडली, परंतु ते उदाहरण त्याच्या नेमबाजीचे आणि बेफिकिरीचे मानावे, काडतुसाच्या योग्यतेचे नव्हे.

मग अशी रायफल बंद का पडली? तिच्यात दोष सापडला म्हणून नव्हे, तर ती बनवणे आतबट्ट्याचे झाले म्हणून. घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून चौकट कोरून काढणे, तिच्या आत फिरकीसाठी वक्र पोकळी राखणे आणि शेवटी कुशल कामगाराने बोल्ट त्या-त्या चौकटीला कानशीने जुळवून बसवणे, एवढे सारे सोपस्कार प्रत्येक नगामागे होते. या शेवटच्या कामाचे महत्त्व असे, की बोल्टाचे तोंड आणि नळीत काडतूस जेथे अडून बसते ती जागा यांच्यातील अंतर केसभर वाढले तरी काडतुसाचे कवच फाटू शकते. याच कंपनीने १९५८ मध्ये ‘मॉडेल ११०’ ही बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे हाताने दांडी उचलून मागे-पुढे सरकवायची रायफल, बाजारात आणली. निकोलस ब्रूअर याच्या या रचनेत नळी आट्यांवर फिरवून, मापाची डबी आत ठेवून नेमक्या अंतरावर आणायची आणि मग मोठ्या चाकीने आवळून टाकायची, एवढ्यावर ते नाजूक काम भागत होते. तिच्यात कारागिराच्या बोटांची गरज जवळजवळ उरली नाही, आणि अचूकतेत ती ९९ पेक्षा उणी नव्हती, उलट सरसच होती. १९८८ मध्ये सॅव्हेज दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिला तारले ते ११० ने. ९९ चा निकाल त्या अर्थी बाहेरच्या प्रतिस्पर्ध्याने नव्हे, तर तिच्याच घरात वाढलेल्या धाकट्या भावंडाने लावला.

पुनरागमनाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद मार्लिनच्या उदाहरणावर उभा आहे, आणि तो हलका लेखता येत नाही. २००७ च्या अखेरीस रेमिंग्टन या बंदूक-कंपनीने मार्लिन विकत घेण्याचा करार केला, पुढे कनेक्टिकटमधील नॉर्थ हेवनचा जुना कारखाना बंद करून उत्पादन न्यूयॉर्कमधील इलियन येथे हलवले, आणि जुन्या यंत्रांची लकब जाणणारी माणसे मागे राहिल्यामुळे मालाचा दर्जा इतका ढासळला की ग्राहकांनी त्या रायफलींना ‘रेमलिन’ असे कुचेष्टेचे नाव ठेवले. रेमिंग्टनच्या दिवाळखोरीत रूगर कंपनीने २०२० मध्ये मार्लिनचे नाव आणि मालमत्ता सुमारे २ कोटी ८३ लाख डॉलरना घेतली, उत्तर कॅरोलिनातील मेयोडन येथे संगणक-नियंत्रित यंत्रांसाठी भागांची आखणी नव्याने केली, आणि २०२१ च्या अखेरीस पहिल्या रायफली बाहेर काढल्या. त्या नावाजल्या गेल्या. पाठोपाठ स्मिथ अँड वेसनसारख्या पिस्तुलांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीनेही २०२४ मध्ये स्वतःची लीव्हर-रायफल काढली. तेव्हा समर्थकांचे म्हणणे असे, की ९९ ला मारणारा खर्च हा कानशीचा खर्च होता, तो आता संगणकाने नाहीसा केला आहे, आणि लीव्हर-रायफलींना गिऱ्हाईक आहे हेही सिद्ध झाले आहे. मग अडते कोठे? ६.५ क्रीडमूरसारखे नवे काडतूसही लांबीने ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसाच्याच घरातले असल्याने ९९ मध्ये बसवता येईल, अशी पुस्तीही त्याला जोडता येते.

या युक्तिवादाचा पहिला भाग बव्हंशी खरा आहे. पाच दिशांनी कोरणारे यंत्र आज ९९ ची चौकट अशा काटेकोरपणे कोरू शकेल, की जुळवणीचे काम उरलेच तर थोडे उरेल. पण यंत्राचा वेळही फुकट मिळत नाही, आणि ज्या तंत्राने ९९ स्वस्त होईल त्याच तंत्राने ११० आणि तिच्यासारख्या रायफली आणखी स्वस्त होतात. दोघींतले अंतर त्यामुळे मिटत नाही. दुसरा भाग, म्हणजे गिऱ्हाइकाचा, मात्र फसवा आहे. आज खपणारी लीव्हर-रायफल कोणती हे पाहिले, तर ती बाहेर दिसणाऱ्या घोड्याची, नळीखाली नळी असलेली, वेस्टर्न चित्रपटांतून ओळखीची झालेली रायफल आहे, तिच्यात बहुधा .४५-७० सारखे जाड, सरळ कवचाचे काडतूस असते, नळीच्या तोंडाला आवाज दाबणारे नळकांडे बसवण्यासाठी आटे असतात, वर दुर्बिणीसाठी लांब पट्टी असते. ओहायोसारख्या काही राज्यांनी हरणाच्या शिकारीत सरळ कवचाच्या काडतुसांनाच मुभा दिल्यामुळेही या जातीला उठाव मिळाला आहे. ९९ यांपैकी कशातच बसत नाही. तिचा घोडा दडलेला, तिची काडतुसे बाटलीच्या मानेसारखी निमुळती, तिचे रूप काउबॉयचे नसून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सुधारकाचे. आणि मार्लिनचे उत्पादन खरे तर कधी फार काळ थांबलेलेच नव्हते, ते बिघडले होते. बिघडलेले सुधारणे आणि एका पिढीपूर्वी थांबलेले नव्याने उभे करणे ही कामे सारखी नाहीत. गंमत अशी, की सॅव्हेजच्या अगदी पहिल्या, १८९५ च्या रायफली मार्लिनच्याच कारखान्यात बनल्या होत्या. पण या जुन्या सोयरिकीवरून आजच्या बाजाराचा कौल काढता येत नाही.

याहून खोलवरचा आक्षेप कामाचा आहे. लीव्हर-रायफलीतून टोकदार, वेगवान गोळी सुरक्षितपणे मारता यावी ही ९९ ची प्रतिज्ञा होती. ते काम १९७० च्या सुमारास ब्राउनिंगच्या बीएलआर रायफलीने डब्याच्या मॅगझिनने, म्हणजे खालून काढता-घालता येणाऱ्या पेटीने, करून दाखवले. २०१६ मध्ये हेन्री कंपनीची ‘लाँग रेंजर’ त्याच वाटेने आली. आणि २००५ च्या सुमारास हॉर्नेडी कंपनीने दबणाऱ्या मऊ टोकाच्या गोळ्या काढून नळीच्या मॅगझिनचा जुना अडसरही बराचसा दूर केला. सॅव्हेजने सोडवलेला प्रश्न आज दोन वेगळ्या रीतींनी सुटलेला आहे. उरते ती फिरकी, आणि समर्थकांच्या बाजूने येथे एक गोष्ट न्यायाने मान्य केली पाहिजे, की फिरकी ही केवळ कौतुकाची वस्तू नाही. साठा पोटात मावत असल्यामुळे ९९ चे बूड गोलसर आणि गुळगुळीत राहते, रायफल तोलाच्या जागी एका हातात धरून दिवसभर चालता येते, आणि काडतुसे संपत जातात तसा नळीच्या मॅगझिनप्रमाणे तिचा तोल पुढून मागे सरकत नाही. रानात तासन्‌तास चालणाऱ्या शिकाऱ्याला या सुखाची किंमत कळते. पण याचा अर्थ असाही होतो, की फिरकीशिवायची ९९ ही ९९ नव्हे.

नेमकी येथेच पुनरागमनाची खरी भीती आहे, आणि तिला आधार कल्पनेचा नसून इतिहासाचा आहे. सॅव्हेजने स्वतःच १९६५ मध्ये ‘९९ सी’ या प्रकारात फिरकीऐवजी काढता येणारा डबा बसवला होता. झरोक्यातला आकडा गेला, पोटाचा गुळगुळीतपणा गेला, नाव तेवढे राहिले. विंचेस्टरचे उदाहरण याहून बोलके आहे. त्या कंपनीने १९६४ मध्ये आपल्या नामांकित ‘मॉडेल ७०’ आणि ‘मॉडेल ९४’ या रायफलींतील घडीव आणि कोरीव कामाला काट मारून स्वस्त रीती स्वीकारल्या, आणि ग्राहकांनी ‘चौसष्टपूर्व’ अशी एक वेगळी जातच ठरवून टाकली, जिचा भाव आजही नंतरच्या मालापेक्षा चढा असतो. पुढे २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद पडला आणि २०१० पासून ९४ ही जपानमधील मिरोकू कंपनीकडून बनून येते. ती कारागिरीने उत्तम आहे, तरीही तिच्यावरील नव्या सुरक्षा-कळीबद्दलची कुरकूर थांबलेली नाही, यावरून जुन्या गिऱ्हाइकाची नजर किती बारीक असते ते दिसते. खर्चाच्या वहीवर बसलेला व्यवस्थापक ९९ कडे पाहील, तेव्हा सर्वांत आधी त्याचा हात फिरकीवर पडेल, यात शंका नाही. तेव्हा बाजारात जे येईल त्याचे वर्णन नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, याहून वेगळे करता येणार नाही.

एक नैतिक प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे: बंदुकांच्या हिंसेने पोळलेल्या देशात आणखी एक बंदूक पुन्हा कशाला? त्याचे सरळ उत्तर असे, की त्या देशात बंदुकांनी होणारे बहुतेक खून पिस्तुलांनी होतात आणि सार्वजनिक वाद पेटतो तो आपोआप भरणाऱ्या रायफलींवरून. प्रत्येक बारानंतर कडी ओढावी लागणारी पाच काडतुसांची शिकारी रायफल त्या चित्रात जवळजवळ नाही. मात्र जुन्या, देखण्या रायफलीच्या निरागसतेचे दाखले देऊन बंदुकांच्या साऱ्या व्यापाराला सोवळे नेसवण्याची जी रीत काही समर्थकांत दिसते, ती मान्य करण्याचे कारण नाही. ९९ चा प्रश्न हा कारागिरीचा आणि अर्थकारणाचा आहे. तो तेवढाच ठेवावा.

अर्थकारणाच्या बाजूने शेवटचा आणि बहुधा निर्णायक मुद्दा असा, की नव्या ९९ चा प्रतिस्पर्धी ना ब्राउनिंग आहे, ना हेन्री, तर जुनी ९९ आहे. पोलादाची चांगली रायफल झिजून संपत नाही. ती बापाकडून लेकीकडे किंवा लेकाकडे जाते, तिथून वापरलेल्या मालाच्या दुकानात जाते, आणि दहा लाखांपैकी फार मोठा भाग आजही कपाटांत उभा आहे. फिरकीसह, घडीव चौकटीसह, अक्रोडाच्या दस्त्यासह प्रामाणिकपणे बनवलेली नवी ९९ ही चांगल्या स्थितीतल्या जुन्या ९९ पेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता दिसत नाही. मग ज्याला ९९ चे प्रेम आहे तो जुनीच घेईल, आणि ज्याला नुसती शिकारीची रायफल हवी आहे तो निम्म्याहून कमी दामात बोल्ट-रायफल घेऊन मोकळा होईल. ज्यांना ९९ जशीच्या तशी हवी आहे त्यांच्यासाठी ती बदलता येत नाही, आणि जे बदल मागतात त्यांना ९९ ची गरज नाही, अशा पेचात कोणताही मोठा कारखाना पैसा गुंतवणार नाही आणि गुंतवूही नये. कारागिरी जिवंत ठेवण्यासाठी तरी ती बनवावी, हा आग्रह आदरणीय आहे. पण दहा लाख रायफली चालू ठेवण्याच्या कामात, चिरलेला दस्ता बदलण्यात, सैल झालेला बोल्ट पुन्हा जुळवण्यात, ती कारागिरी काही हजार नव्या नगांपेक्षा अधिक दिवस टिकेल.

म्हणून सॅव्हेजकडे मागणी करायचीच असेल तर ती नव्या रायफलीची नको. फिरकी, काडतूस ओढून काढणारा आकडा, चापाच्या स्प्रिंगा आणि दस्ते हे भाग कंपनीने मूळ मापांनुसार पुन्हा बनवावेत, ती मापे बंदूक-दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना खुली करावीत, आणि .३०० सॅव्हेज व .२५०-३००० ही काडतुसे दरवर्षी निदान एका खेपेत तरी बाजारात येतील असा करार एखाद्या काडतूस-कंपनीशी करावा. या साऱ्याचा खर्च एका नव्या रायफलीच्या साच्यांपेक्षा आणि जाहिरातीपेक्षा कमी पडेल.